न तापवलेलं दूध

जिनू घामानं भिजलेली चादर उलटी करून पुन्हा अंगावर घेतो. मला कळू नये म्हणून. चोवीस वर्षांचा झाला, पण सकाळी चादर धुवायला घेताना आईच्या हाताला दोन्ही बाजू ओल्या लागतात, एवढं त्याच्या डोक्यात येत नाही. गेला महिनाभर हे चाललंय. संध्याकाळी हुडहुडी भरते, रात्री घाम फुटतो, आणि सकाळी साहेब केसांना जेल लावून तयार. विचारलं तर म्हणतो, थंडीचे दिवस आहेत, होतं असं. थंडीत घाम येतो हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आत्ता तो पलीकडच्या खोलीत झोपलाय आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. लिहिलं नाही तर पुन्हा उठून त्याच्या कपाळाला हात लावीन आणि तो पुन्हा डोळे न उघडता म्हणेल, "आई, झोप आता."

ताप सगळ्यांच्याच पोरांना येतो. माझ्या पोराला आला की मला एकदम दोन आजार आठवतात, आणि त्यातला एक आमच्या चौघांपलीकडे कुणाला माहीत नाही.

पहिला कोल्हापुरातल्या आमच्या सगळ्या कसबा बावड्याला माहीत आहे. जिनूला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला जो घटक लागतो तो त्याच्या रक्तात जवळजवळ नाहीच. रांगायला लागला तेव्हा गुडघ्यांवर काळेनिळे डाग दिसायचे आणि आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, मला विचारायच्या की मी पोराला मारते का. पुढे कळलं की हा आजार आईकडून मुलाकडे येतो. त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं, नुसत्या बघायला लागल्या. ते जास्त वाईट होतं.

दुसरा आजार त्याला आम्ही दिला नाही. चार वर्षांचा असताना तो ओट्यावरून पडला आणि दातांखाली जीभ आली. रक्त थांबेना. आता सरकारी दवाखान्यात फॅक्टरचं, म्हणजे त्याच घटकाचं, इंजेक्शन फुकट मिळतं, तेव्हा इथं सहजासहजी मिळत नव्हतं. एका खाजगी दवाखान्यात त्याला रक्तातून काढलेल्या प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या. एक संपली की दुसरी. प्रत्येक पिशवी लागली की मी हात जोडत होते. सातव्या वर्षी त्याच्या तोंडात पांढरा थर यायला लागला, कान वाहायला लागला, वजन वाढेना. तपासणीत एचआयव्ही निघाला. आधी आम्हा नवराबायकोचीच तपासणी झाली, आणि ती करताना लोक ज्या नजरेनं बघत होते ते मी इथं लिहीत नाही. आमच्यात काही नव्हतं. कुठल्या पिशवीतून आलं हे कुणालाच सांगता आलं नाही. रक्त तपासलेलं असतं, पण देणाऱ्याला नुकतीच लागण झाली असेल तर ती त्या तपासणीत दिसत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

त्याला आम्ही पंधराव्या वर्षी सांगितलं. तोवर रोजची गोळी 'रक्ताची गोळी' होती. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी त्याला समोर बसवून नीट समजावलं, मी शेजारी रडत होते, आणि घरी येताना रिक्षात हा मलाच समजावायला लागला.

"आई, अकरा खेळाडू मैदानात असतात ना? हा विषाणू सगळ्यांना हात लावत नाही. तो कॅप्टनला धरतो. कॅप्टन बाहेर गेला की बाकीचे दहा नुसते पळतात, पण पास कुणी कुणाला देत नाही. मग शेंबड्या पोरांची टीमसुद्धा येऊन गोल मारते."

त्या कॅप्टन पेशींना सीडीफोर म्हणतात. त्या किती आहेत हे मोजून कळतं की पोराचं शरीर जंतूंशी किती झुंजू शकेल. सातव्या वर्षी त्या इतक्या कमी होत्या की साधी सर्दी आली तरी मी त्याच्या उशाशी बसून राहायची. औषधं सुरू झाली आणि त्या हळूहळू चढल्या. लहान वयात शरीर नव्या पेशी भराभर बनवतं, म्हणून त्याचं बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. आता त्या सहाशेच्या आसपास आहेत आणि रक्तात विषाणू सापडतच नाही. गोळीच्या बाबतीत मी त्याला कधी बोल लावू शकले नाही हे कबूल करते. गजर झाला की घेतो. बाकी सगळ्या बाबतीत मात्र त्यानं माझा जीव खाल्लाय.

फुटबॉलचंच घ्या. बावड्यात जन्मला, पण मन सगळं शिवाजी पेठेत. तिथं एका दुकानात तो डिजिटल फ्लेक्स बनवतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळ्या गल्लीचे चेहरे बसवायचे आणि कुणाचा मोठा, कुणाचा बारका यावरून होणारी भांडणं सोडवायची, ही नोकरी. त्याला कधी चेंडूला पाय लावू दिला नाही मी. सायकल नाही, कबड्डी नाही, रंगपंचमीला गच्चीवर नाही. घोटा सुजला तर महिनाभर घरात. मग ह्यानं काय करावं? पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या सामन्यांचं मोबाईलवर समालोचन सुरू केलं. चार-चार हजार लोक ऐकतात म्हणे. परवा मीही चोरून ऐकलं. गोल झाला तेव्हा हा म्हणत होता, "गोलकीपर पावणं, चेंडू तुमच्याकडंच आलता की, तुम्हीच वळख दाखवली न्हाय." घरात माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलणारा माझा मुलगा. मी एकटीच स्वयंपाकघरात हसले आणि मग मला राग आला, कारण हे सगळं तो थंडीत, स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून, ताप अंगात घेऊन करत होता.

डावा खुबा दुखतोय हे त्यानं सांगितलं तेही लंगडायला लागल्यावर. आमच्या घरी सांधा दुखला म्हणजे आत रक्त साचलं, दुसरा विचारच होत नाही. फॅक्टर घेतला. थांबलं नाही. पुन्हा घेतला. दुखणं तसंच, वर संध्याकाळचा ताप. ह्यांनी, म्हणजे जिनूच्या बाबांनी, कारखान्यातून रजा काढून त्याला गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. मीही मागून रिक्षानं गेले. मला येऊ नको म्हणाले होते.

स्नेहल मॅडम नव्या डॉक्टर आहेत, वयानं लहान, पण ऐकून घेतात. त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. रक्तवाले डॉक्टर विषाणूचं बोलत नाहीत आणि विषाणूवाले सांध्याला हात लावत नाहीत, आणि मधल्या मध्ये फाईल घेऊन पळते मी. मॅडम म्हणाल्या, अशा मुलांत हीच फसगत होते. वर्षानुवर्षं ज्या सांध्यात रक्त साचलं तो आधीच दुबळा असतो, जंतूंना तिथं घर करायला सोपं. आणि सांधा दुखला की घरचे आणि डॉक्टरही रक्तस्राव समजून बसतात, जंतूकडे लक्षच जात नाही. सीडीफोरचा काउंट चांगला आहे म्हणून हा अजून हिंडतोफिरतोय. पण लहानपणापासून विषाणू अंगात असलेल्या शरीराला आकडा चांगला आला तरी पूर्ण निर्धास्त समजायचं नाही. आत कायम थोडी धुसफूस चालू असते. ताप महिनाभर टिकला तर कारण शोधलंच पाहिजे.

मग त्यांनी जिनूला एकेक विचारलं. खोकला? नाही. गावाला गेला होतास? नाही. कच्चं दूध?

मी हसलेच. म्हटलं, मॅडम, आम्ही जैन. आमच्या घरी दूध आलं की आधी गाळायचं आणि दोन घटिकांच्या, म्हणजे पाऊण तासाच्या, आत तापवायचं, हा आक्कांचा नेम. दूधवाला उशिरा आला तर त्याला दारातच विचारतात, धार कधी काढली. न तापवलेलं दूध आमच्याकडे मांजरसुद्धा पीत नाही.

मॅडमही हसल्या. म्हणाल्या, बरं झालं, कारण कच्च्या दुधातून एक जंतू येतो, तो असाच वागतो. संध्याकाळी ताप, रात्री घाम, कंबर नाहीतर खुबा धरतो. जनावरांत असला तर ती गाभ टाकतात. दिसायला क्षयासारखा, पण औषध वेगळं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही म्हणा. आणि कागदावर फुली मारली. जिनू त्या वेळी छताच्या पंख्याकडे बघत होता. मला वाटलं, कंटाळलाय.

खुब्यात सुई घालून पाणी काढायचं तर आधी फॅक्टर द्यावा लागतो, आणि त्यातून काही हाती लागेलच असं नाही. म्हणून ठरलं असं, की सोमवारपर्यंत ताप हटला नाही तर क्षयाचं औषध सुरू करायचं. सहा महिने, कदाचित जास्त. त्या औषधानं विषाणूवरची गोळी कमी पडते, म्हणून तीही दिवसातून दोनदा घ्यायची. एवढी वर्षं बसलेली घडी विस्कटणार. तरी मी मान डोलावली. काहीतरी सुरू होतंय याचंच बरं वाटलं.

उजाडलं की सोमवार.

शनिवारी संध्याकाळी सम्राट आला. जिनूचा मित्र, पेठेतला. त्यांच्या घरच्या म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध कट्ट्यावर म्हैस उभी करतात, गिऱ्हाईक पेला पुढं धरतं, त्यात धार, फेसासकट तिथंच प्यायचं. कोल्हापुरात याचं काय कौतुक आहे ते मी सांगायला नको. धारोष्ण दुधानं पैलवान होतात म्हणे. सम्राटच्या हातात किटली होती. दारातूनच हाक मारली.

"काकी, आठवडा झाला जिन्या कट्ट्यावर आला न्हाय, म्हणून मीच आलो घिऊन. आत्ता काढलंय. तापवू नका बरं का, ताकद जाती सगळी."

आक्का देवघरातून बाहेर आल्या. मी म्हटलं, जिनू कट्ट्यावर येतो?

"येतो म्हणजे? रोज सकाळी दुकानाला जायच्या आधी. दोन वर्सं झाली की. पहिल्यांदा तोंड वाकडं केलतं, आता पेला भरल्याशिवाय हालत न्हाय." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "रक्ताचा आजार हाय न्हवं त्याला. मी म्हटलं, औषधं काय, आपल्या म्हशीचं दूध पी, रक्त घट्ट होतंय का न्हाय बघ."

आक्कांनी किटली त्याच्या हातातून घेतली, आत नेली, दूध गाळलं, गॅसवर ठेवलं. सम्राट दारातून बघत राहिला. म्हणाला, "घातलं पाण्यात." मी त्याला बसवलं, चहा दिला. घरचं कसं काय विचारलं, तर सांगत सुटला. त्याच्या बहिणीची पोरगी आजोळी आली आहे, तीही पेला घेऊन गोठ्यात उभी असते. आणि पावसाळ्यानंतर एका म्हशीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला, मग दुसरीनं. नजर लागली म्हणून आईनं दोघींच्या गळ्यात काळा दोरा बांधलाय.

जनावरं गाभ टाकतात, हे मॅडमचं वाक्य मला आठवलं. तो गेल्यावर मी जिनूच्या खोलीत गेले.

काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अक्कल कुठं गेली होती, डॉक्टर समोर बसून विचारतेय आणि तू पंखा मोजतोस, तोंड शिवलं होतं का, असं बरंच. आक्का दारात उभ्या राहून पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलल्या. म्हणाल्या, गाळलेलंसुद्धा नाही, तसंच. त्यांना जंतूपेक्षा ते जास्त लागलं होतं.

जिनूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडमनी तुला विचारलं नव्हतं, आई. मला विचारलं होतं."

मी म्हटलं, मग आता सोमवारी तू सांग. तर नाही म्हणाला. का, तर सम्राट. कट्ट्यावर एकदा नाव गेलं की त्यांच्या म्हशीपुढं कुणी पेला धरणार नाही. कोल्हापुरात गोष्ट पसरायला कट्टाच पुरतो. डॉक्टर लिहिणार, मग जनावरं तपासायला माणसं येणार, मग लोक विचारणार की हे कळलं कुणामुळं. त्या सगळ्या घराचं पोट त्या कट्ट्यावर आहे. आणि तो मला बरं करायला निघाला होता, आई, त्याचं हे फळ द्यायचं का त्याला?

मी म्हटलं, मग नको असलेली औषधं सहा महिने खा, खुबा घालव, पण मित्राची म्हैस सांभाळ.

यावर तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. "लहानपणापासून मला जे काही दिलं ते आधी तपासून, मोजून, गाळून दिलं. तिथं पहिल्यांदा कुणीतरी सगळ्यांना दिला तसाच एक पेला माझ्या हातात दिला. मी रोगी आहे म्हणून नाही, रांगेत उभा होतो म्हणून."

रांगेत उभा होता. सगळं जग रांगेत उभं राहतं आणि घरी येऊन धडधाकट जेवतं. हाच तेवढा घरी ताप घेऊन आला. तरी मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

ह्यांना रात्री सांगितलं. हे म्हणाले, उद्या मी सरळ मॅडमना फोन लावतो, पोराला काय कळतंय. दिवसभर, म्हणजे आज रविवारी, मीही तेच म्हणत होते. मॅडमचा नंबर माझ्याकडेच आहे, ह्यांनी मागितला तेव्हा म्हटलं, मीच लावते. एक वाक्य पुरेल: मॅडम, मी चुकीचं सांगितलं, हा दोन वर्षं कच्चं दूध पितोय. त्या एक रक्ताची तपासणी लावतील आणि सगळं उलगडेल.

तीनदा नंबर काढला आणि ठेवला. मी फोन केला तर जिनूच्या तोंडातलं वाक्य दुसऱ्यांदा मीच बोलणार. पुढच्या वेळी त्याला काही झालं तर तो चादर उलटी करणार नाही, चादर लपवूनच ठेवील. या मुलाच्या अंगातल्या कॅप्टन पेशी मोजता येतात, विषाणू मोजता येतो. तो मला काय सांगत नाही ते मोजायचं यंत्र नाही. त्याचं आयुष्य यापुढे त्यानं काय सांगितलं यावर चालणार आहे, आणि मी कायम त्याच्या शेजारच्या खुर्चीवर असणार नाही.

पण गप्प बसून सोमवार जाऊ द्यायचा, हेही माझ्यानं होणार नाही. आणि ती भाची गोठ्यात पेला घेऊन उभी आहे. ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिला ना रक्ताचा आजार ना विषाणू, पण जंतू काही रांग बघून येत नाही.

संध्याकाळी जिनूला पुन्हा ताप चढला. गोळीचा गजर झाला तेव्हा पाणी नेऊन दिलं. गोळी घेऊन तो म्हणाला, "तू फोन केलास का मॅडमना?" मी म्हटलं, नाही. त्याला खरं वाटलं नाही. माझा मोबाईल त्याच्यापुढे ठेवला, बघ म्हटलं. त्यानं बघितला नाही, परत दिला. म्हणाला, "सम्राटला मी कुठल्या तोंडानं सांगू, ते तू सांग." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

ते वाक्य घेऊन मी इथं बसलेय. सम्राटला सांगायला त्याला तोंड नाही. मला आहे. सम्राटला चहा मी दिलाय, त्याच्या तोंडून भाचीचं आणि म्हशींचं मी ऐकलंय. दुसऱ्या आजाराचा शब्द काढायची गरज नाही. तो जिनूचा आहे, सांगायचा तेव्हा तोच सांगेल. दुधाचं मात्र एकट्या जिनूचं नाही.

मॅडमना फोन करणार नाही. सम्राटच्या घरी पहाटेच धारा काढायला उठतात, कट्ट्यावर जायच्या आधी. आता थोडाच वेळ राहिलाय. त्यांच्या गोठ्यात दिवा लागायची वेळ झाली की मी त्याला फोन करणार आहे. सांगणार आहे की आज भाचीच्या हातातला पेला आधी काढून घे, मग गुरांच्या सरकारी डॉक्टरला बोलाव. तुझी चूक कुणी म्हणणार नाही, म्हटलं तर कट्ट्यावर येऊन मी बोलेन. आणि हे सगळं झालं की जिनूला तूच फोन लाव, दवाखान्याला निघायच्या आत, आणि त्याला म्हण, सांग मॅडमना, माझ्याकडं बघून थांबू नको.

सम्राट शिव्या देईल, किंवा फोन ठेवील, किंवा म्हणेल काकी, काय बोलताय. देऊ दे. सम्राटचा नंबर जिनूच्या मोबाईलमध्ये आहे, आणि तो मोबाईल त्याच्या उशाखाली. आता उठते, आणि त्याला उठवूनच मागते.